गाडी उभ्या उभ्या बंद पडते, स्लो वाढवून घेऊ का?

तुमची गाडी 2009 ची, पेट्रोलवरची, एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी. धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून उभे राहिलात की ती थरथरते, मग बंद पडते, आणि मेकॅनिक म्हणतोय, "स्लो वाढवून देतो." स्लो म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग. माझं ऐकाल तर इतक्यात स्क्रूला हात लावू देऊ नका.

स्लो स्क्रू हा कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) जमान्यातला इलाज. माझ्याकडे तसली गाडी होती तेव्हा मीही तो मोठ्या ऐटीत फिरवायचो. इंजिन पुरतं तापू द्यायचं, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की सुरुवात. चोक आत, दिवे बंद, न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकाखाली चिरा. मग पाव-पाव फेरा. साधारण 850 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हवे असायचे, पण मीटरच नव्हता, सगळी भिस्त कानावर. त्यानंतर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू: इंजिन जिथे सगळ्यात सुरळीत आणि जोरात चालेल तिथे सोडायचा, आणि त्याने वाढलेला स्लो परत खाली आणायचा.

एका पावसाळ्यात ती उभ्या उभ्या फडफडायला लागली. मी स्लो वाढवला. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा वाढवला. शेवटी रिकामी उभी असतानाही घोंघावायची, आणि कुंभार्ली घाट उतरताना गिअरमध्ये असूनही धरून राहीना, सगळा भार ब्रेकवर. दुखणं निघालं भलतंच. पडवीतल्या उंदराने व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेला जोडलेला, बारीक पाइप कुरतडला होता. तिथून जादा हवा आत जात होती आणि मी बसलो होतो स्क्रू पिळत!

तुमच्या गाडीत हा हिशेब कॉम्प्युटर करतो. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) मिटलेला असताना बाजूच्या वाटेने किती हवा सोडायची ते एक छोटा व्हॉल्व्ह ठरवतो. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार येतो, म्हणून तो जास्त हवा सोडून आरपीएम सावरतो. ही वाट काजळीने बुजली की सावरणं जमत नाही आणि गाडी मान टाकते. तुमची एसी लावल्यावरच बंद पडते, म्हणून माझा पहिला संशय इथेच. थ्रॉटल बॉडी उतरवून क्लीनरने आणि मऊ फडक्याने साफ करून घ्या. थ्रॉटलच्या टेकूला एक स्क्रू दिसेल, बहुधा कंपनीने रंग लावून बंद केलेला. मेकॅनिक तोच फिरवायला निघाला असेल. तो फिरवला तर थ्रॉटल पूर्ण मिटलाय हेच कॉम्प्युटरला कळेनासं होऊ शकतं, आणि मग नव्या तक्रारी सुरू.

त्याच फेरीत व्हॅक्यूमचे पाइप बघा. इंजिन चालू ठेवून कान द्या, कुठे सूं आवाज येतो का. संशय आला तर तिथे साबणाचं पाणी टाका, आवाज बदलला की चोर सापडला. तापल्या इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारणारे महाभाग मी पाहिलेत, तसं करू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून वाकून बसू नका, धुराचा वायू जीवघेणा असतो.

आणि आपल्याकडचं खारं वारं विसरू नका. बॅटरीच्या टोकांवर आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज चढला की पंखा, एसी, दिवे एकदम लागल्यावर करंट कमी पडतो. उकळतं पाणी, ब्रश, वर ग्रीस. दहा मिनिटांचं काम, म्हणून मी आधी तेच करेन.

बॅटरी काढून जोडलीत तर पहिली काही मिनिटं स्लो वरखाली होईल. एसी न लावता इंजिन तापेपर्यंत तसंच चालू द्या, मग एसी लावून थोडा वेळ. बहुतेक गाड्या आपली सवय परत धरतात.

तोवर रांगेत एसी बंद ठेवा, निदान बोटीच्या फळीवर चढताना तरी. तिथे गाडी बंद पडली की जेट्टीवरची सगळी माणसं तुम्हाला ड्रायव्हिंग शिकवायला धावतात.