वाचकांचे प्रश्न : ‘सरसर’ चढते ते काय?

प्रश्न : ‘सरसर’ म्हणजे ‘वेगाने वर’ असाच अर्थ ना? मग ‘खार सरसर चढली’ बरोबर वाटते आणि ‘रॉकेट सरसर वर गेले’ खटकते, ते का? आणि ‘सरसर उतरला’ हे चूक का?

उत्तर : ‘वर’ हा अर्थ ‘सरसर’मध्ये नाहीच. तो ‘चढणे’ या क्रियापदातून येतो. ‘सरसर’ हे रीतिवाचक क्रियाविशेषण. क्रिया कशी झाली एवढेच ते सांगते. म्हणून ‘खांबावरून सरसर उतरला’ अगदी शुद्ध आहे. सापही सरसर जातो, तोही सपाट जमिनीवर.

मुळात हा घासल्याचा आवाज आहे. अंग कशाला तरी लगटून, न थांबता पुढे सरकते तेव्हा तो शब्द शोभतो. मल्लखांबावर चढणारा मुलगा पाहा : हातांनी कवळ, पायांनी पकड, पुन्हा कवळ, आणि मधे कुठे खंड नाही. ते खरे सरसर चढणे. उष्णतामापकातला पाराही सरसर चढतो, कारण तो नळीला धरून चढतो. अंगावर काटासुद्धा ‘सरसरून’ येतो. त्वचेवरून काहीतरी सरकत गेल्याचा भास त्या शब्दात नेमका पकडला आहे. रॉकेटला घासायला काही नाही, म्हणून ते खटकते. तिथे ‘झेपावले’ लिहा. मात्र ‘झेपावणे’ म्हणजे सुटण्याचा क्षण. ‘यान दहा मिनिटे झेपावत होते’ असे होत नाही. पुढच्या प्रवासाला ‘वेगाने वर जात होते’ हेच बरे.

जिन्याचे गणित वेगळे. तिथे पाऊल सुटे पडते, म्हणून पायऱ्या ‘भराभर’ किंवा ‘पटापट’ चढतात. पाय आपटत असतील तर ‘धडाधड’. लांब टांगा टाकत चढण चढणारा ‘झपझप’ जातो. ‘तरातरा’ इथे वापरू नये, त्यात वेगापेक्षा राग अधिक असतो.

‘सरकन’ आणि ‘सरसर’ यांची अदलाबदल सर्रास होते, आणि ती टाळायलाच हवी. ‘-कन’ लागले की क्रिया एका झटक्यात संपते : पडदा सरकन बाजूला झाला. उंच झाडावर चढायला एक झटका पुरत नाही, म्हणून तिथे ‘सरकन’ नको.

बाजारभावांसाठी यातले काहीच लागत नाही. नुसते वाढले तर ‘वधारले’, एकदम वाढले तर ‘कडाडले’. ‘गगनाला भिडले’ हे उंची सांगते, वेग नव्हे.

प्रश्न : ‘सर सर’ तोडून लिहावे का? ‘सरासरी’शी त्याचे काही नाते?

उत्तर : जोडूनच लिहावे. हा अभ्यस्त, म्हणजे एकच अंश दोनदा येऊन बनलेला शब्द आहे. तोडला तर ‘सर’ म्हणजे पावसाची सर की गळ्यातला सर, असा घोटाळा होतो. ‘सरासरी’ फारसीतून आलेला, त्याचे कूळ निराळे.