अग्निशामक घ्याच, पण आधी जाळीच्या दाराची किल्ली बघा

सहाव्या मजल्यावर फ्लॅट, सोबत सत्तरीतले आईवडील आणि घरात कोणता अग्निशामक ठेवावा, हा तुमचा प्रश्न. उत्तर सोपं आहे: एबीसी पावडरचा (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारा), २ किलोचा, आयएसआय खुणेचा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असलेला घ्या आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगा. शेगडीच्या शेजारी टांगलात, तर भडका उडाल्यावर तिथे हात कसा घालणार? पिन काढायची, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायची. पावडर काही सेकंदांतच संपते, त्यामुळे आग एवढ्यातेवढ्यात असेल तरच हा उद्योग.

पण मी तुमच्या घरी आलो, तर आधी सेफ्टी दार बघेन. रात्री आतून कुलूप आणि किल्ली आईच्या उशाखाली, असं निम्म्या घरांत असतं. त्यात खिडक्यांना ग्रिल. कडी लावा, कुलूप नको. लावायचंच असेल, तर किल्ली दाराजवळच ठरलेल्या खिळ्यावर, अंधारातही हाताला लागेल अशी.

आगीत बरीच माणसं भाजून नव्हे, धुरानं जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर वरच्या मजल्यांपर्यंत पोचला. म्हणून जिना मोकळा असेल तर खाली उतरा, लिफ्ट नाही. जिन्यात धूर भरला असेल, तर आईवडिलांना घेऊन त्यात शिरू नका. दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, मोकळ्या हवेच्या खिडकीशी थांबा आणि १०१ किंवा ११२ ला मजला आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते सांगा.

आता सिलिंडरचा गॅस. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो, ओट्याखाली तर हमखास. वास आला की बटणाला हात नको, चालू करायला नको आणि बंद करायलाही नको. ठिणगी दोन्हींत पडते. एक्झॉस्ट पंखा लावायचा मोह तर अजिबात नको. रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि मग बाहेरून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. केशरी सुरक्षा नळीचं आयुष्य ५ वर्षं. त्यावर छापलेलं साल वाचा. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला ‘बी-२७’सारखं काही असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याच क्रमानं डीपर्यंत; पुढचा आकडा सालाचा. ती चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत करा. डिलिव्हरीवाला कुरकुर करेल, करू दे.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी नको, पीठ तर नकोच, आणि कढई उचलून मोरीकडे धावणंही नको. गॅस बंद करा, मोठं झाकण बाजूनं सरकवत कढईवर ठेवा आणि ती पार निवेपर्यंत झाकण उचलून बघू नका. भाजलंच तर २० मिनिटं नळाखाली धरा. टूथपेस्ट आणि बर्फ दोन्ही नको.

वायरिंग जुनं असेल तर वायरमनकडून ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. गीझर, एसी एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नाही. ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर पॅसेजमध्ये चार्जिंगला लावणारा शेजारी असेल, तर वाईटपणा घेऊन बोला.

राहिली सोसायटी. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा तपासून ती ठीक असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. सेक्रेटरींकडे शेवटचा मागा. कागद मिळाला तरी एखाद्या रविवारी तुमच्या मजल्यावरचा होजरील (आग विझवायच्या पाण्याच्या नळीचं रीळ) उघडायला लावा. कागदावर सगळं ठीक आणि नळाला पाणी नाही, असंही निघतं.