सस्पेन्शनचं नंतर बघू, आधी पत्रावरची तारीख बघा

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र समोर आहे. त्यांच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. शेतावर जायची वाट खराब, शिवाय सुट्टीला डोंगरात गाडी घालायची हौस. म्हणून मार्च २०२२ मध्ये त्यांनी पुढच्या कॉइल स्प्रिंगा आणि चारही शॉकअप बदलले, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगेत एक पाटा वाढवला. गाडी साधारण दोन इंच उंच झाली. २२ जुलै २०२३ ला संध्याकाळी कासहून उतरताना यवतेश्वरच्या घाटात धुक्यातून म्हैस आडवी आली. तिला चुकवताना गाडी डाव्या बाजूने कठड्यावर आदळली. सहा लाख चाळीस हजारांचा दावा टाकला आणि विमा कंपनीने १७ ऑक्टोबर २०२३ च्या पत्राने तो फेटाळला. कारणं दोन दिली: गाडीत बेकायदा बदल केला, आणि तो कंपनीला कळवला नाही. त्यानंतर यांनी कंपनीला अकरा ई-मेल पाठवले. आता विचारतात, "आरटीओकडून सस्पेन्शन पास करून आणलं तर दावा मिळेल का?"

गाडी उंच करणारं लिफ्ट किट, रुंद टायर, छतावरचा कॅरिअर, अडकलेली गाडी ओढणारं विंच. पावसाळा संपत आला की अशी पत्रं येऊ लागतात आणि सगळ्यांचा प्रश्न आरटीओचाच असतो. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. आज आणलेली मंजुरी २०२३ च्या अपघाताला मागे जाऊन लागू होत नाही. मंजुरी आधी घ्यायची असते. न घेता बदल केलाच असेल, तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. ते चौदा दिवस तुमच्या हातून २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्येच गेले.

पण तुमचा दावा जगणार की मरणार, ते या चौदा दिवसांवर ठरत नाही. ते १७ ऑक्टोबर या तारखेवर ठरतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्हाला नकार मिळाला १७ ऑक्टोबर २०२३ ला. दोन वर्षं भरतात १७ ऑक्टोबर २०२५ ला, शुक्रवारी, वसुबारसेच्या दिवशी. आज सप्टेंबरचा तिसरा आठवडा चालू आहे. मध्ये नवरात्र, २ ऑक्टोबरला दसरा, मग दिवाळीची गडबड. कागद गोळा करायला आठ दिवस धरा, तक्रार लिहायला आठ. हाताशी वेळ फार थोडा उरतो.

आणि हा वेळ तुम्ही ई-मेल लिहिण्यात घालवलात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण हेच मी पुन्हा पुन्हा बघते. अकरापैकी सहा ई-मेलना कंपनीचं उत्तर आलं, सहाही वेळा तेच: "आपली विनंती विचाराधीन आहे." त्या वाक्यावर तुम्ही जवळजवळ दोन वर्षं थांबलात. नकार एकदा लेखी मिळाला की नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. कंपनीने फाईल खरोखर पुन्हा उघडली असती, नुकसान तपासायला नवा सर्व्हेअर नेमला असता, नवा निर्णय दिला असता, तर निदान वाद घालायला जागा होती. तुमच्या कागदांत तसं काही दिसत नाही. कोरेगाव तालुक्यातला माझा एक अशील अशाच एका "विचाराधीन"वर विसंबून राहिला आणि चाळीस दिवस उशिरा आला. ट्रॅक्टरचा दावा होता, बाजू चांगली होती. उशिराला पुरेसं कारण नाही म्हणून तक्रार दारातच फेटाळली गेली. ट्रॅक्टरबद्दल कोणी एक शब्दही ऐकून घेतला नाही.

कंपनीचे वकील आणखी एक मुद्दा काढतील, तो आत्ताच सांगून ठेवते. दोन वर्षं अपघातापासून मोजा, म्हणजे २२ जुलै २०२५ लाच मुदत संपली, असं ते म्हणतील. माझ्या मते मुदत नकारापासूनच धरायला हवी, कारण दावा फेटाळला जाईपर्यंत तुमची तक्रार ती कशाची? तरीही मी धोका पत्करणार नाही. मूळ तक्रारीसोबतच, खबरदारी म्हणून, विलंब माफीचा अर्ज जोडा. कलम ६९ मध्येच तशी सोय आहे. त्यात सर्व्हे कधी झाला, कागद कधी मागितले, नकार कधी मिळाला, हे तारखांसह लिहा. पत्र तुमच्या हातात दोन-चार दिवसांनी पडलं असेल तर पाकीट जपून ठेवा, पण ते दिवस हिशेबात धरू नका.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचा रस्ता स्वस्त होता, पुण्यात कार्यालय आहे, वकीलही लागत नाही. पण तिथे साधारण एका वर्षात जावं लागतं. तुमच्या ई-मेलपैकी एखादा रीतसर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेला असेल तर वर्ष कुठून मोजायचं यावर काही म्हणता येईल, उशीर माफ करण्याचा अधिकारही लोकपालांना आहे. त्या आशेवर ऑक्टोबर मात्र घालवू नका. सातारा जिल्हा ग्राहक आयोगातच जा. तुम्ही साताऱ्यात राहता म्हणून तिथे तक्रार चालते, कंपनीचं मुख्यालय कुठे का असेना. शुल्क मोजतात ते भरलेल्या हप्त्यावर, दाव्याच्या रकमेवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे इथे हप्त्याला, शुल्क शून्य आहे. म्हणजे तुम्हाला अडवणारं काहीच नव्हतं.

आता सस्पेन्शन. इथे मी छातीठोक काही सांगणार नाही.

कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. त्याच कलमाच्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे आणि ते फार कमी लोक वाचतात: "बदल" म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. गळके शॉकअप काढून त्याच मापाचे, जरा चांगल्या दर्जाचे बसवले तर ती माझ्या लेखी दुरुस्ती आहे. पुढे लांब स्प्रिंग घालून आणि मागे पाटा वाढवून गाडी दोन इंच उचलली तर ते मूळ वैशिष्ट्य बदलणं होतं का? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुमच्या आरसी बुकात चासी नंबर, इंजिन, व्हीलबेस, आसनं, रिकाम्या गाडीचं वजन असं लिहिलेलं असेल. त्यातलं प्रत्यक्षात काय बदललं, ते एकेक ओळ धरून तपासा. माझा अंदाज, फारसं काही नाही. पण कंपनी सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा के. जयचंद्र प्रकरणातला निकाल जोडणार, कारण उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तो वाद नोंदणी अधिकाऱ्यांचा आणि नियमांचा होता, विमा दाव्याचा नव्हता. हा फरक तक्रारीत ठळक मांडा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२अ आहे: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून तक्रारीत "मी गाडी मॉडिफाय केली" असली फुशारकीची भाषा नको. काय काढलं आणि काय बसवलं, एवढंच लिहा.

तुम्ही पाठवलेलं गॅरेजचं बिल बघून मी कपाळावर हात मारला. छापील बिलात स्प्रिंगा, शॉकअप, बुश, यू-बोल्ट, व्हील अलाइनमेंट, सगळं नीट आहे. खाली मिस्त्रींनी निळ्या बॉलपेनने लिहिलंय: "लिफ्ट २ इंच. गाडी उंच केली." आणि हे बिल तुम्ही स्वतः दाव्याला जोडलंत, का, तर किटचे एक लाख दहा हजारही मिळावेत म्हणून! विम्यात न नोंदवलेल्या वस्तूचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. तो एक लाख दहा हजारांचा आकडा तक्रारीतून काढून टाका. त्या लोभापायी कंपनीच्या हातात तुम्ही स्वतःच पुरावा दिलात. आता बिल लपवूही नका, ते त्यांच्या फाईलमध्ये आहेच.

तुमच्या बाजूचं सर्वांत मोलाचं पान मला सर्व्हेअरच्या अहवालात सापडलं, तिसऱ्या पानावरचा फोटो. अहवाल म्हणतो, उंची वाढल्याने गुरुत्वमध्य वर गेला आणि गाडी अस्थिर झाली. फोटोत मात्र गाडी चारही चाकांवर उभी आहे. डावा फेंडर आणि हेडलाइट आत गेलेत, बंपर कठड्याच्या दगडात अडकलाय, पण टपावर, उजव्या दारावर, मागच्या हौद्यावर ओरखडा नाही. गाडी उलटलेली नाही. मग अस्थिरतेने नेमकं काय केलं? म्हैस आणि धुकं यांत दोन इंचांचा वाटा किती, हे कंपनीने दाखवायला हवं. चांगल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून या फोटोंवर आणि गाडीवर लेखी मत घ्या. गॅरेजवाला जागा अडते म्हणून गाडी भंगारात काढा म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आजच फोन करून थांबवा. जुन्या स्प्रिंगा घरात पडल्या असतील तर त्याही टाकू नका, मापं ताडून बघायला लागतील. ब्रेकचे होज, म्हणजे रबरी पाइप, मूळचेच आहेत की लांब घातलेत, हेही बघून घ्या. ते ताणलेले निघाले तर ब्रेकवरून आपल्यालाच उत्तर द्यावं लागेल आणि ते मला आधी कळायला हवं.

समजा आयोगाने बदल झाला असंच धरलं. तरी सगळा दावा शून्य होतोच असं नाही. बी. व्ही. नागराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं की अटीचा भंग अपघाताच्या मुळाशी जाणारा नसेल तर कंपनीला पूर्ण हात झटकता येत नाहीत. अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये अटीचा भंग असूनही नॉन-स्टँडर्ड पद्धतीने, म्हणजे देय रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत, दावा द्यायला सांगितलं. ते खटले वेगळ्या प्रकारच्या भंगांचे होते, त्यामुळे तुम्हाला पंचाहत्तर टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही. मागणी मात्र तशी करा: मुख्य मागणी पूर्ण रकमेची, पर्यायी मागणी नॉन-स्टँडर्डची. पर्यायी मागणी लिहायला लाज वाटून घेऊ नका.

"कळवलं नाही" या दुसऱ्या कारणाबद्दल एकच काम करा. किट बसवल्यानंतर पॉलिसीचं जे नूतनीकरण झालं, त्याच्या प्रस्ताव अर्जाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. गाडीत बदल केलाय का, हा प्रश्न त्यात होता का? होता आणि तुम्ही "नाही" वर टिक केली असेल तर अवघड आहे. प्रश्नच नव्हता तर कंपनीचा मुद्दा बराच पातळ होतो. आणि नकारपत्रात नसलेलं नवं कारण कंपनीला आयोगासमोर आणता येत नाही, हे सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ मध्ये ठरलेलं आहे. म्हणून ते पत्र पुन्हा वाचा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर लिहा.

तक्रार दाखल झाली की कंपनीला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला सांगितलं आहे. त्यांनी चुकवलं तर त्याच दिवशी आयोगाच्या नजरेस आणून द्या. निकाल मात्र लवकर लागेल असं समजू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात माझ्या अशा तक्रारी तीन-चार वर्षं चालल्या आहेत. सदस्य नेमलेले नसतात, तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. लोक दुरुस्तीचं कर्ज फेडत बसतात आणि गाडी पत्र्याखाली गंजते. हे बदलायला हवं आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. पण आयोग उशीर करतो म्हणून तुम्ही उशीर केलात तर त्याची किंमत फक्त तुम्हीच मोजाल.

सोमवारी पॉलिसी, नकारपत्र, सर्व्हेअरचा अहवाल, बिल, आरसी, अकराच्या अकरा ई-मेल आणि कंपनीची उत्तरं घेऊन साताऱ्यातल्या कोणत्याही ग्राहक आयोगात काम करणाऱ्या वकिलाकडे जा. माझ्याकडेच यायला हवं असं नाही. दसऱ्याच्या आधी तक्रार दाखल होऊन तिचा क्रमांक तुमच्या हातात पडला पाहिजे.