छोट्या ब्लॉगवर आपली बातमी कशी येते? नाशिकच्या नव्या उद्योजकांचे प्रश्न

या वेळच्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. कंपनी नवीन आहे, मोठे पेपर विचारत नाहीत, मग छोट्या ब्लॉगवाल्यांनी तरी आपल्याबद्दल लिहावं यासाठी काय करायचं. त्यातलीच काही पत्रं घेतोय, बाकीच्यांनी आपलं उत्तर यात शोधावं.

सिन्नरहून: आमचा घरगुती मसाल्यांचा ब्रँड आहे. ब्लॉगवाल्यांना मेल मराठीत पाठवू की इंग्रजीत?

ब्लॉग ज्या भाषेत आहे त्या भाषेत. आणि मसाला "औषधी" आहे, शुगर कमी करतो वगैरे मेलमध्ये लिहिणार असाल तर आधी अन्नसुरक्षा कायद्याचं काम करणाऱ्या सल्लागाराला मजकूर दाखवा, असे दावे वाट्टेल तसे करता येत नाहीत.

सातपूरहून: एका एजन्सीचा फोन आला, पंचवीस हजारात दीडशे न्यूज साइटवर बातमी, गॅरंटी देतात. मेव्हणा म्हणतो गूगलवर नाव दिसलं की इन्व्हेस्टर स्वतःहून फोन करतात. पैसे भरू का?

नका भरू. हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि बऱ्याचदा पैसे भरून झाल्यावर येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एजन्सीकडे आधीच्या तीन क्लायंटच्या लिंक मागा आणि मोबाइलवर उघडून बघा. बातमी होमपेजवर कुठे दिसते का? बहुतेक वेळा नाही, ती कुठल्यातरी कोपऱ्यातल्या विभागात पडलेली असते, वर "ब्रँड डेस्क" किंवा "पार्टनर कंटेंट" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात की या मजकुराची जबाबदारी आमची नाही. मग बातमीतलं एखादं वाक्य उचला, अवतरण चिन्हात टाकून गूगलवर शोधा. तेच वाक्य, तोच फोटो, त्याच चुका सगळीकडे. हे तुम्हाला दोन मिनिटांत कळतं तर पैसे गुंतवायला बसलेल्या माणसाला कळणार नाही का? मेव्हण्यांना विचारा, असा फोन आलेला एक तरी माणूस त्यांना प्रत्यक्ष माहितीये का. ही ऐकीव गोष्ट नाशिकभर फिरतेय आणि तिच्या जिवावर धंदा चाललाय.

दुसरं, "तुमच्या साइटला लिंक मिळतात, गूगलवरचं रँकिंग वाढतं" असंही ते सांगतील. पैसे देऊन लावलेल्या लिंकवर तशी खूण करावी हा गूगलचा नियम आहे, "स्पॉन्सर्ड" ही वेगळी खूण तर 2019 पासून आहे. खूण केली तर त्या लिंकच्या जोरावर रँकिंग मिळण्याची आशा ठेवू नका, आणि नाही केली तर ते गूगलच्या भाषेत स्पॅम, म्हणजे तुमचीच साइट खाली जाण्याची भीती.

आणि तिसरं, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पैसे देऊन छापलेला मजकूर ती जाहिरातच असते, मग तो बातमीसारखा दिसो नाहीतर मुलाखतीसारखा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. एजन्सी तुमच्या नावावर "भारतातलं पहिलं", "शंभर टक्के रिझल्ट" असं ठोकून देते आणि मजकूर तुम्हाला छापून आल्यावर दिसतो, पण नाव तुमचं असतं. त्यामुळे सही करायचीच असेल तर आधी विचारा की मजकूर अंतिम कोण करणार, "जाहिरात" असं स्पष्ट लिहिलं जाणार का, बातमी किती दिवस राहणार, जीएसटीचं बिल मिळणार का. उत्तरं लेखी घ्या आणि करार वकिलाला व सीएला दाखवा. "ऑफर आजच संपतेय" असं म्हणत असतील तर फोन ठेवून द्या.

कॉलेज रोडहून: द्राक्षबागांसाठी सेन्सर बनवलाय, साठेक ब्लॉगना मेल टाकला, एकाचंही उत्तर नाही. चुकतंय कुठे?

तुम्ही मेलची कॉपी जोडलीत ते बरं केलंत. विषयात "नावीन्यपूर्ण अ‍ॅग्रीटेक स्टार्टअपचा शुभारंभ", सुरुवात "आदरणीय संपादक महोदय", नंतर दोन परिच्छेद तुमचं व्हिजन, आणि सेन्सर नेमकं काय करतो ते चौथ्या परिच्छेदात. छोटा ब्लॉग चालवणारा माणूस बहुधा नोकरी सांभाळून रात्री लिहायला बसतो, तो चौथ्या परिच्छेदापर्यंत येतच नाही.

विषयात असं लिहून बघा: "निफाडच्या बागांमध्ये पानावरचा ओलावा मोजतोय, डाऊनीच्या किती फवारण्या वाचल्या त्याचा हिशोब आहे". (डाऊनी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग. हिशोब खरा असेल तरच, नसेल तर आधी तो करा.) मग पहिल्या दोन ओळींत काय केलं आणि कुठे केलं, तिसऱ्या ओळीत त्याच ब्लॉगवरचा कुठला लेख वाचून तुम्ही त्याला लिहिताय ते, पुढे बोलायला तयार असलेल्या एका शेतकऱ्याचा नंबर त्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन, आणि बागेत घेतलेले दोन स्वच्छ फोटो. लोगो नको, ऑफिसात रिबीन कापतानाचा फोटो तर अजिबात नको. बास. साठ ठिकाणी एकच मेल टाकण्यापेक्षा द्राक्षावर खरंच लिहिणारे सहा-सात जण शोधा आणि प्रत्येकाला वेगळं लिहा, आठवड्याने एकदाच आठवण करा, त्यानंतर विषय सोडा.

वेळही बघा. डाऊनीची खरी धास्ती ऑक्टोबर छाटणीनंतर असते, म्हणून लिहिणाऱ्याला सप्टेंबरमध्येच माहिती हातात हवी. तुम्ही मेल टाकला एप्रिलमध्ये, द्राक्षाचा माल निघून गेल्यावर. फवारणीच्या आकड्यांवर एखाद्या द्राक्षतज्ज्ञाची नजर फिरवून घ्या, चुकीचा आकडा बागायतदार लगेच पकडतो.

पिंपळगाव बसवंतहून: चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की आधीच कळवणारं यंत्र बनवलंय. एक ब्लॉगर छान लिहायला तयार आहे पण आतली रचना आकृतीसकट मागतोय. पेटंट अजून केलं नाही, देऊ का?

थांबा, काही देऊ नका! पेटंटला शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाच्या आधी तुम्ही स्वतःच रचना जगासमोर मांडलीत तर तो नवा राहत नाही. "रचना उघड केल्यावरही अर्जाला वर्षभराची सूट असते" असं कोणीतरी सांगतंच, पण आपल्याकडे ती सवलत सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या गोष्टींना आहे, ब्लॉगला नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा, पूर्ण अर्जासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला फीमध्ये सवलत आहे आणि सरकारी योजनेच्या यादीतल्या फॅसिलिटेटरची, म्हणजे अर्जाला मदत करणाऱ्या तज्ज्ञाची फी सरकार भरतं, तेव्हा खर्चाचं कारण सांगून लांबवू नका. याच आठवड्यात पेटंट एजंटला भेटा. ब्लॉगरला तोपर्यंत कांदा किती वाचला ते सांगा, कसा वाचला ते नको.

इंदिरानगरहून: ब्लॉगरला प्रॉडक्ट फुकट दिलं तर चालतं का?

चालतं, पण त्याने लेखात तसं सांगायला हवं. तुम्हीच मेलमध्ये लिहा की "वस्तू भेट दिलीय हे कृपया नमूद करा, मत तुमचं". चांगलंच लिहा अशी अट मात्र घालू नका.

पंचवटीहून: भाविकांसाठी घरगुती मुक्कामाचं बुकिंग अ‍ॅप आहे. कुंभ जवळ आला की एकदमच प्रसिद्धी करू असं ठरवलंय, बरोबर ना?

चूक. मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत आणि तेव्हा सगळं जग कुंभावरच लिहीत असेल, तुमचा मेल त्या गर्दीत कोण उघडणार? छोटे प्रवास-ब्लॉग लोकांनी प्लॅन करायच्या आधी लिहितात, बरेच महिने आधी. शिवाय आज लिहून आलं तर तक्रारी आज कळतील, दुरुस्त करायला वेळ राहील. अ‍ॅप परफेक्ट झाल्यावर बघू हे पण कारण नको, दहा घरं नीट चालत असतील तर तेवढ्यावर लिहिता येतं. मात्र घरमालकांच्या परवानग्या, पाहुण्यांच्या नोंदी, त्यांच्या ओळखपत्रांच्या कॉप्या तुम्ही कुठे ठेवताय, हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या आणि मगच मेल टाका, कारण ब्लॉगर पहिला प्रश्न तोच विचारेल, विचारायलाच हवा.

सिडकोहून: ब्लॉगवर आमच्या कंपनीची माहिती चुकीची आलीय. लीगल नोटीस पाठवू?

आधी साधा मेल पाठवा: कुठली ओळ चुकली, बरोबर काय आहे, पुरावा कुठला. छोटे ब्लॉगवाले बहुतेक त्याच दिवशी दुरुस्त करतात. खरंच बदनामी झालीय असं वाटत असेल तर पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि वकिलाला दाखवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या आधी.