दाब शेवटपर्यंत कसा टिकवावा?

प्रश्न : लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फच्या मैदानावर मी रोज सराव करतो, पण कितीही जोर लावला तरी क्लबहेडला (क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, चेंडूला लागणाऱ्या टोकाला) वेग येत नाही. काय चुकत असावे?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : जोर बहुधा फार लवकर खर्च होत असावा. आपण उजव्या हाताने खेळत असाल, तर क्लब खाली येताना उजव्या तर्जनीच्या मुळाशी ग्रिपचा (क्लबच्या हातात धरायच्या भागाचा) जो दाब जाणवतो, तो क्लबहेड हातांमागून ओढले जात असेपर्यंतच टिकतो, आणि मनगटे घाईने सोडली की नाहीसा होतो. मूठ आवळणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे. त्याने मनगटे ताठरतात. चेंडूशी स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद होतो, म्हणून वेग त्याआधीच साठलेला हवा. आठवडाभर चेंडू न ठेवता, कमरेच्या उंचीपर्यंतच संथ स्विंग करून तो दाब बोटाला ओळखीचा होऊ द्या.