कण्हेरीला फुले का येत नाहीत: पाणी, छाटणी आणि विषबाधेविषयी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

कण्हेरीविषयी आपण पाठवलेल्या प्रश्नांत तीन गोष्टी वारंवार विचारलेल्या आहेत. झाड हिरवेगार वाढते, परंतु फुले येत नाहीत आणि खालची पाने पिवळी पडतात, ते कशामुळे? कोवळ्या शेंड्यांवर पिवळे किडे दाटीने बसतात, त्यांच्यावर काय फवारावे? आणि बांधावर कुंपण म्हणून कण्हेर लावली, तर गुरांना धोका आहे का?

पहिल्या तक्रारीत बहुतेकांनी रोज पाणी व वरचेवर युरिया देत असल्याचे लिहिले आहे, आणि कारणही तेच आहे; कण्हेरीला तिचे लाडच नडतात. या झाडाचे पान जाड व मेणचट असते आणि त्याची पर्णरंध्रे खालच्या बाजूला बारीक लव असलेल्या खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे कडक उन्हातही पानातून पाणी फारसे उडून जात नाही. मूळ अधिवासात ती कोरड्या ओढ्यांच्या काठाने वाढते, जिथे वरची माती तापलेली आणि ओल मात्र खोलवर असते. म्हणून नव्या रोपाला पहिले वर्षभर, पाऊस नसताना, आठ-दहा दिवसांनी मुळांच्या तळापर्यंत पोहोचेल असे भरपूर पाणी द्यावे आणि मधल्या काळात वरची 5 ते 7 सेंटिमीटर माती पूर्ण सुकू द्यावी. मुळे स्थिरावल्यावर भर उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी पुरते. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत उंचवटा करूनच लागवड करावी, कारण साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडू लागतात. युरिया बंद करावा. नत्र जास्त झाले की झाडाची सगळी शक्ती पाने वाढवण्यात जाते. वर्षातून एकदा कुजलेले शेणखत दिले तरी चालते. फुलांसाठी दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि सावलीतल्या झाडाला तर खतही फुलवू शकत नाही.

छाटणीची चूक मात्र पाण्यापेक्षाही अधिक ठिकाणी होताना मी पाहतो. कण्हेरीची फुले नव्या फुटीच्या टोकाशी येतात. त्यामुळे कुंपण सारखे दिसावे म्हणून दर महिन्याला कात्री चालवणारा शेतकरी प्रत्येक वेळी येणारी कळीच कापत असतो. मुख्य बहर ओसरल्यावर वर्षातून एकदाच छाटावे. एका पेरावर साधारण तीन पाने असतात, म्हणून पेराच्या किंचित वर काप घेतला की तिथून तीनपर्यंत फांद्या फुटू शकतात आणि फुलांच्या जागा वाढतात. जुने, बुंध्याशी उघडे पडलेले झाड एकदम तोडू नये. दरवर्षी सर्वांत जुन्या खोडांपैकी एकतृतीयांश जमिनीलगत काढावीत. छाटलेल्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे तुकडे खालची पाने काढून ओलसर वाळूमिश्रित मातीत लावले, तर त्यांना सहज मुळे फुटतात.

पिवळे किडे म्हणजे मावा. तो लुसलुशीत फुटीवरच दाटतो, म्हणून पाणी व नत्र आवरले की त्याचा जोरही ओसरतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुऊन काढावा आणि गरज भासल्यास 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. ढालकिडे मावा खातात, म्हणून तीव्र कीटकनाशक टाळावे. फांदीवर खडबडीत गाठी दिसल्यास तो जिवाणूजन्य रोग असतो. अशी फांदी गाठीच्या बरीच खाली कापावी आणि प्रत्येक कापानंतर कात्रीचे पाते स्पिरिटने पुसावे.

आता गुरांविषयी. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, त्यातील विष थेट हृदयावर परिणाम करते आणि 10 ते 20 पानेही मोठ्या जनावराच्या जिवावर बेतू शकतात. हिरवे पान कडू असल्याने जनावर सहसा तोंड लावत नाही, पण वाळल्यावर कडवटपणा कमी होतो आणि विष कायम राहते, म्हणून खरा धोका उभ्या झाडापेक्षा छाटणीच्या ढिगाऱ्यात आहे. जिथे गुरे किंवा शेळ्या चरतात, तिथे कुंपणासाठी ही लावू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे. गोठा, चाऱ्याची गंजी आणि पाण्याच्या हौदाजवळही ती नको. छाटताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि फांद्या त्याच दिवशी गोळा करून जनावरांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुराव्यात. त्या जाळू नयेत, कारण धूरही घातक असतो. चुलीत तर मुळीच घालू नयेत. जनावराने पाने खाल्ल्याचा संशय आला, लाळ गळू लागली, हगवण लागली किंवा ते धडपडू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला शांत उभे ठेवून तत्काळ पशुवैद्यकाला बोलवावे आणि खाल्लेल्या फांदीचा तुकडा त्यांना दाखवावा.