दार कोणी लावलं?

गेल्या काही वर्षांत एकच फोन मला पुन्हा पुन्हा येतो. आवाज वेगळा, गाव वेगळं, वाक्य मात्र तेच. "ताई, मुलगी त्या आंदोलनात पडली आहे. तिला अडवू की जाऊ देऊ?" आंदोलन म्हणजे बंदुकांच्या कायद्यात बदल मागणारं. फोन करणारे बहुतेक अमेरिकेतच स्थिरावलेले मराठी आईबाप. मुलांच्या शाळेत कधीतरी गोळी चाललेली असते, आणि पंधरा दिवसांच्या आत घरातलं अबोल पोर हातात माइक धरून कुठल्यातरी पायरीवर उभं असतं. आईबापांना कळत नाही की हे बरं होणं आहे की आणखी काही बिघडणं.

इथे वीसहून जास्त वर्षं मी समुपदेशक म्हणून या वयाच्या मुलांबरोबर काम करते आहे. उत्तर थेट देण्यापेक्षा एका मुलीबद्दल सांगते. तिला इथे सई म्हणू. नाव, राज्य, शाळा सगळं बदललेलं किंवा गाळलेलं आहे, आणि अशाच दुसऱ्या दोन मुलांचं थोडं थोडं तिच्यात मिसळलं आहे.

सई सोळा वर्षांची. काही महिन्यांपूर्वी तिच्या शाळेत गोळीबार झाला होता. पहिल्या भेटीला आईबाबाच आले, ती नाही. बाबांनी बसता बसता सुरुवात केली. "आम्ही अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं जातील, सांगता येत नाही. एकविसावं पूर्ण झालं की तिला आमच्या व्हिसावर राहता येणार नाही. अशात हिने विधानभवनासमोर घोषणा द्यायच्या? आपण इथे पाहुणे आहोत हो." आई सगळा वेळ पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

बाबांना मी सांगितलं की व्हिसाचं वकिलाला विचारा, आणि खरंच विचारा, तासाभराची वेळ घेऊन. माझ्याकडे येणाऱ्या किती घरांत ही भीती महिनोन्‌महिने मुलांवर रागाच्या रूपाने निघते, आणि नेमकी शंका कुणी कुणाला विचारलेलीच नसते.

मग त्यांनी दुसरी भीती काढली. करिअर. "कॉलेजवाले काय म्हणतील?"

हा विषय निघाला की पार्कलँड निघतंच. 14 फेब्रुवारी 2018 रोजी फ्लोरिडातल्या पार्कलँडमधल्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये सतरा जण मारले गेले. मारणारा 19 वर्षांचा, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, रायफल रीतसर विकत घेतलेली. सहा दिवसांनी तिथली मुलं बस करून राजधानी टॅलाहासीला निघाली. त्याच दिवशी तिथल्या सभागृहाने अशा रायफलींवरच्या बंदीचं विधेयक चर्चेलाही घ्यायला नकार दिला. प्रेक्षक सज्जात बसून ते ऐकताना रडणाऱ्या मुली टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या. पण 9 मार्चला त्याच राज्यात दुसरा कायदा झाला. बंदूक घ्यायचं वय 21 केलं गेलं, खरेदी आणि ताबा यांत तीन दिवसांचं अंतर आलं, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घ्यायची सोय झाली. तेवीस दिवसांत. 24 मार्चला वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. पार्कलँडच्याच शाळेतला डेव्हिड हॉग नावाचा मुलगा, त्याला काही विद्यापीठांनी प्रवेश नाकारला तेव्हा एका टीव्ही निवेदिकेने ट्विटरवर त्याची टिंगल केली होती. पुढे तो हार्वर्डला गेला. बाबांना मी हे सांगितलं खरं, पण लगेच म्हटलं, की हे माप सईला लावू नका. बहुतेक मुलांना हार्वर्ड मिळत नाही आणि त्यांच्या बोलण्याची किंमत त्याने ठरत नाही.

त्या मोर्चातलं एक दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच शाळेतली एमा गोन्झालेझ व्यासपीठावर बराच वेळ नुसती गप्प उभी राहिली, ते सगळ्यांना आठवतं. मला आठवते ती दुसरी मुलगी, जिला स्वतःला छर्रे लागले होते. भाषण करता करता तिला तिथेच उलटी झाली. ती सावरली, हसली आणि उरलेलं भाषण पुरं केलं. तिच्या धैर्याला माझा मनापासून नमस्कार आहे. पण समुपदेशक म्हणून मला हेही दिसतं, की जीभ बोलत असताना पोट वेगळं काही सांगत होतं.

उठता उठता सईची आई पहिल्यांदा बोलली. "मी कुकर लावत नाही आता. वरण पातेल्यात शिजवते. शिट्टी झाली की ती दचकून टेबलाखाली बघते. तिला मी सांगितलेलं नाही हं." त्या बाईचे आभार मला तिथल्या तिथे मानावेसे वाटले. इतके महिने रोज पातेल्यात डाळ घोटणं ही काय कमी सेवा आहे?

मग सई यायला लागली. तिला मावशी म्हणायची सवय, म्हणून मी मावशी झाले. पहिल्या चार-पाच भेटींत ती मला कायदा समजावून सांगायची, आणि छान सांगायची. घरातली बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं करावं, हा तिच्या गटाचा मुद्दा होता. शाळेत गोळ्या झाडणाऱ्या अल्पवयीन मुलांपैकी कितीतरी जणांना बंदूक आपल्याच किंवा नातलगाच्या घरातून मिळालेली असते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत 30 नोव्हेंबर 2021 रोजी चार विद्यार्थी मारले गेले. गोळ्या झाडणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना 2024 मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याआधी 2023 मध्ये तिथे बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा आला. सईला यातली प्रत्येक तारीख पाठ होती. झोप मात्र रात्री तीनशिवाय येत नव्हती.

माझं एक पक्कं मत आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. भीतीपेक्षा असहायता माणसाला जास्त पोखरते. ज्या मुलाला त्या दिवशी काहीच करता आलं नाही, त्याला आज काहीतरी करता येणं हे औषध आहे. म्हणून मी मुलांना आंदोलनातून काढत नाही, आणि काढा असं सांगतही नाही. पण भाषण पाठ झालं म्हणजे दुःख पचलं, असं नसतं. कधी कधी पाठ झालेलं भाषण हेच झाकण होऊन बसतं.

आठव्या भेटीला सई कायदेमंडळाच्या समितीपुढे द्यायची साक्ष घेऊन आली. प्रत्येकाला दोन मिनिटं. तिने फोनवर घड्याळ लावलं आणि इंग्रजीत म्हणून दाखवलं. एक मिनिट पंचावन्न सेकंद, एकही अडखळ नाही. माझ्या अंगावर काटा आला. तिच्या अंगावर काहीच आलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर, इस्त्री केल्यासारखे सपाट.

मी म्हटलं, "आता हेच आजीला सांगितल्यासारखं सांग. मराठीत."

"आजीला सांगितलंच नाही, मावशी. आई म्हणाली तिचं बीपी वाढेल."

"मग आज सांग. मी आजी."

तिचं मराठी स्वयंपाकघरातलं. भूक लागली, पाणी दे, उशीर झाला, एवढ्यापुरतं. तिने सुरुवात केली, एकेक शब्द शोधत. "केमिस्ट्री होती. मग अनाउन्समेंट झाली. मग लाइट बंद केले. दार लावलं. मग आम्ही खाली बसलो..."

"दार कोणी लावलं?"

ती थांबली.

इंग्रजी भाषणातही ते वाक्य होतं, पण तिथे "आम्ही" होतं. इंग्रजीत सहसा करणाऱ्याशिवाय वाक्य उभं राहत नाही, म्हणून तिने सगळ्या वर्गाला त्या वाक्यात उभं केलं होतं. मराठीत नुसतं "दार लावलं" म्हणून पुढे जाता येतं. पण करणारा वगळला की त्याची रिकामी जागा ऐकू येते. मला ती ऐकू आली. या कामात मला थोडंफार जमतं असं मी म्हणते, ते अशा दोन-चार क्षणांच्या जोरावर.

"मी," ती म्हणाली. "माझा बाक दाराजवळ. सर म्हणाले, लॉक कर. मी केलं." बराच वेळ गेला. "मग दार वाजलं."

"हं."

"उघडायचं नसतं."

"हो. उघडायचं नसतं."

"तो प्लीज म्हणाला. मला आवाज कळला, मावशी. मला माहीत होतं कोण आहे."

तो मुलगा वाचला, हे आधीच सांगून टाकते. पुढे पळाला, जिन्याखाली लपला, त्याला खरचटलंही नाही. पण सात महिने सई त्याच्या वर्गावरून जायचं टाळून सबंध इमारतीला वळसा घालत होती. आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, गटातल्या मैत्रिणींना नाही, साक्षीतही नाही.

अशा वेळी मोठ्या माणसाच्या तोंडावर एकच वाक्य येतं, "तुझी काही चूक नव्हती." मी ते गिळलं. तिला ते माहीत होतं. कुलूप लावल्यावर कुणालाही दार उघडायचं नाही, हे इथली मुलं बालवाडीपासून गिरवतात. माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगितली की मुलाला एवढंच कळतं, की समोरच्याला पुढचं ऐकायचं नाही.

मी विचारलं, "लॉक कसा होता?"

"गार." तिने उजव्या हाताकडे पाहिलं. "दोनदा फिरवावा लागतो. पहिल्यांदा नुसता फिरतो." बोटं आपोआप हवेत वळली, एकदा, मग परत एकदा. आणि ती रडायला लागली. तोंड उघडं, आवाज नाही, जसं त्या अंधाऱ्या वर्गात रडायला हवं होतं तसं. मी पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि गप्प बसले. वीसेक मिनिटं असतील. मग ती म्हणाली, "मला त्याला आत घ्यायचं होतं."

"हो."

"मला घ्यायचं होतं."

इतके महिने ती "उघडलं नाही" एवढंच उराशी धरून होती. "उघडायचं होतं" हे अर्धं वाक्य कुठेच ठेवायला जागा नव्हती. मनात पाप वाटतं तिथे बऱ्याचदा माया दडपलेली असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. शिकले त्या दुपारी.

आता आईबापांसाठी. अडवू की जाऊ देऊ, हा प्रश्न बाजूला ठेवा. स्वतःला हे विचारा, की माझ्या मुलाला शूर न राहता बसता येईल अशी एखादी जागा आहे का? व्यासपीठावर तो वाचलेला मुलगा असतो, वर्गात असतो, इंटरनेटवर असतो. घरी तरी त्याला नुसता मुलगा राहू द्या. ओट्याशी उभं राहून पोळी खाऊ द्या. "आज भाषण कसं झालं?" याआधी "जेवलास का?" विचारा. त्याने घटनेबद्दल बोलावं म्हणून खोदू नका. पण बोलायला लागला तर गॅस बंद करून बसा.

समाजमाध्यमांवरच्या शिव्यांकडे दुर्लक्ष कर, असं सांगून भागत नाही. पार्कलँडच्या मुलांना "हे भाडोत्री नट आहेत" असंही ऐकून घ्यावं लागलं. जिवानिशी सुटलेल्या पोराला असं म्हणणं किती क्रूर आहे, हे घरात स्पष्ट शब्दांत बोला. आणि खातं काही दिवस मोठ्या माणसाच्या किंवा गटातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.

वर्षदिनाच्या आसपास विशेष जपा. मार्च 2019 मध्ये, त्या घटनेला वर्ष उलटून गेल्यावर, पार्कलँडच्या दोघांनी, एक माजी विद्यार्थिनी आणि एक शिकत असलेला विद्यार्थी, आठवड्याच्या आत आपलं जीवन संपवलं. आपल्याकडे वर्षश्राद्ध असतं, कारण दुःख तारखेला परत येतं हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. झोप उडाली, जेवण सुटलं, "मी का वाचलो" असं मूल म्हणू लागलं, तर वाट पाहू नका. सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. अमेरिकेत 988 या मदतीच्या क्रमांकावर केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो.

आणि हरण्याची तयारी ठेवा. विधेयकं अडकतात, पडतात. कायदा झाला नाही म्हणजे आपण गेलेल्या मित्राला पुन्हा गमावलं, असं मुलांना वाटतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे निकालाच्या दिवसाआधीच बोलून ठेवलेलं बरं.

सईने पुढे शाळेच्या समुपदेशकाच्या खोलीत त्या मुलाला सांगितलं. त्याने तीन वर्गांची दारं वाजवली होती. कुठलं कुणाचं, त्याला आठवतही नव्हतं. "मला आधी त्याचा रागच आला," सई म्हणाली. "मी इतके दिवस..." आणि मग आम्ही दोघी हसलो.

दाराचं ते वाक्य साक्षीत घालणार का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. "ते माझं आहे." साक्ष तीच राहिली, कुलपांबद्दलची. एकच शब्द तिने बदलला, "आम्ही दार लावलं"मधला. "आम्ही" काढून "मी" केलं, आणि त्यापुढे काहीच खुलासा दिला नाही.

साक्षीच्या दिवशी बाबांनी रजा काढली, गाडी काढली, मागच्या रांगेत बसले. विधेयकावर त्या दिवशी मतदान झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, काल गाडीत बसली ती झोपलीच. घरापर्यंत चार तास. मग वर जाऊन परत झोपली. अजून उठली नाही. हे ठीक आहे ना?"

"झोपू द्या," मी म्हटलं.